कास्तकाराच्या बांधापर्यंत : शासकीय कृषिविस्ताराचा एक अभ्यास

आपल्या न्यासाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत शेतीविषयक लेख कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मंचेरियल हे नाव बाहेरच्या माणसाला कोळसा, सिमेंट आणि काझीपेठ–बल्लारशा लोहमार्गावरील स्थानक यांमुळे ठाऊक आहे. परंतु गाव सोडून दोन कोस बाहेर पडले की दोहों बाजूंस भाताची आणि कपाशीची राने सुरू होतात. आपल्या सभासदांपैकी जे स्वतः शेती करीत नाहीत, त्यांचेही कोणी ना कोणी आप्त गोदावरीच्या वा प्राणहितेच्या या तीरी अथवा त्या तीरी मातीत राबत असतात. त्या आप्तांपर्यंत शेतीचे नवे ज्ञान कोण पोहोचविते, केव्हा पोहोचविते आणि कोणत्या भाषेत, हा प्रश्न म्हणून आपल्या घरचाच आहे. त्याचा विचार करताना निरनिराळ्या राज्यांनी कोणते मार्ग चोखाळले हे पाहणे उद्बोधक होईल.

विस्तार म्हणजे काय?

संशोधन केंद्रात सिद्ध झालेली गोष्ट शेतकऱ्याच्या रानात रुजविणे आणि शेतकऱ्याची अडचण उलट संशोधकाच्या कानी घालणे, या दुहेरी कार्यास कृषिविस्तार म्हणतात. हा केवळ प्रचार नव्हे. प्रचारात एक बोलतो व दुसरा ऐकतो; विस्तारात दोघांनीही बोलावयाचे व दोघांनीही ऐकावयाचे असते. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शिक्षण द्यावे, प्रदर्शने भरवावीत व उत्तम काम करणारांस बक्षिसे द्यावीत, असे उपाय सुचविले होते. सरकारी खात्याने हे काम देशभर अंगावर घेण्यास मात्र स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली.

ग्रामसेवकापासून आजपर्यंत

दिनांक २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा निघाली. डॉ. पंजाबराव देशमुख हे त्या काळी केंद्रीय कृषिमंत्री होते. गटविकास अधिकारी आणि त्याच्या हाताखाली ग्रामसेवक ही रचना तेव्हाची. ग्रामसेवक सायकलवरून गावोगाव जाई. सुधारलेले बियाणे, कंपोस्ट खत, भातलागवडीची नवी पद्धत तो दाखवी. पण त्याच्याच माथी शाळा, रस्ते, आरोग्य, अल्पबचत अशी दहा कामे असत. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने या योजनेचे परीक्षण केले, तेव्हा लोकांचा सहभाग त्यात पुरेसा नाही, असे आढळून आले. त्यातून पंचायत राज्याची कल्पना पुढे आली. आंध्र प्रदेशात १९५९ साली आणि महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांच्या रूपाने ती अमलात आली.

पुढे १९७० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने ‘प्रशिक्षण व भेट’ ही पद्धत आली. डॅनियल बेनॉर हे तिचे प्रवर्तक. गावच्या कार्यकर्त्याकडून इतर सर्व कामे काढून घ्यावयाची, त्याला ठरलेल्या दिवशी प्रशिक्षण द्यावयाचे आणि दर पंधरवड्यास ठरलेल्या वारी त्याने ठरलेल्या शेतकऱ्यांना भेटावयाचे, असा तिचा नियम होता. शिस्त चांगली होती. परंतु वरून आलेला एकच संदेश सर्वांस सांगण्याकडे कल राहिला. खर्चही मोठा होता. मदत थांबली तशी पद्धतही मागे पडली.

यानंतर जिल्हा हा घटक धरून ‘आत्मा’ म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा उभी करण्याचा प्रयोग १९९८ पासून सात राज्यांत झाला. वाचकांस हे वाचून समाधान वाटेल की, त्यासाठी निवडलेल्या मोजक्या जिल्ह्यांत महाराष्ट्राच्या अमरावतीबरोबर आपला त्या वेळचा आदिलाबाद जिल्हाही होता. २००५ पासून ही योजना देशभर लागू झाली. शेतकऱ्यांचे गट करून त्यांच्याच मागणीप्रमाणे कार्यक्रम आखावा, हे तिचे तत्त्व आहे.

राज्याराज्यांची रीत

केरळाने १९८७ साली पंचायतीगणिक ‘कृषिभवन’ उभारले. कर्नाटकाने २००० सालापासून होबळीच्या ठिकाणी ‘रैत संपर्क केंद्रे’ काढली. आंध्र प्रदेशाने २०२० साली दहा हजारांवर केंद्रे उघडून सल्ला आणि बी-खत एकाच छपराखाली आणले.

महाराष्ट्रात १९९८ साली कृषी खात्याच्या वेगवेगळ्या शाखा एकत्र करून एक खिडकी पद्धत आली आणि कृषी साहाय्यक हा गावचा माणूस ठरला. २००८ साली विदर्भात सोयाबीनवर अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यातून धडा घेऊन पुढील वर्षापासून ‘क्रॉपसॅप’ नावाची कीड-सर्वेक्षणाची व्यवस्था सुरू झाली. नेमलेले निरीक्षक ठरावीक शेतांतील किडी मोजतात आणि संख्या धोक्याच्या पातळीवर गेली की त्या भागास इशारा देतात. नुकसान झाल्यावर पंचनामा करण्यापेक्षा आधी इशारा देणे शहाणपणाचे, हे यातून सिद्ध झाले.

आपल्या तेलंगणाने सुमारे ५,००० एकरांचा एक विभाग पाडून प्रत्येकास एक कृषिविस्तार अधिकारी दिला आणि २०२० पासून राज्यभर २,६०० च्या घरात ‘रैतु वेदिका’ बांधल्या. मार्च २०२४ मध्ये या वेदिकांतून ‘रैतु नेस्तम’ हा दृक्श्राव्य संवाद सुरू झाला. त्यात शास्त्रज्ञ एका ठिकाणी आणि शेतकरी अनेक ठिकाणी बसून बोलतात. इमारत आणि माणूस यांच्या संख्येत आपले राज्य मागे नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

दोष मात्र दोन्ही राज्यांत सारखाच आहे. पीकनोंदणी, विमा, अनुदान, सर्वेक्षण यांच्या कागदांत विस्तार अधिकाऱ्याचा दिवस संपतो. ग्रामसेवकाच्या काळातील दुखणे नव्या नावाने आजही चालू आहे. ज्याच्या नावे सातबारा वा पट्टादार पासबुक नाही, तो बटाईदार या कागदांत सापडतच नाही. कपाशीचे निंदण-वेचणे ज्यांच्या हातांनी होते, त्या बायकांना तर सभेचे निमंत्रणही क्वचितच मिळते.

प्रथम कोण पोहोचतो?

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २००३ साली देशभरातील शेतकरी कुटुंबांना विचारले की, नव्या तंत्राची माहिती आपणांस कोठून मिळते? शंभरांपैकी सुमारे चाळीस कुटुंबांनाच कोठून तरी माहिती मिळत होती. शंभरांत सुमारे सतरांना ती दुसऱ्या शेतकऱ्याकडून मिळे, तेरांना बी-खत-औषधांच्या दुकानदाराकडून आणि तेरांना रेडिओवरून. सरकारी विस्तार कर्मचाऱ्याचे नाव घेणारी कुटुंबे सहाच्याही आत होती. २०१३ सालच्या सर्वेक्षणातही सल्ला मिळणाऱ्या कुटुंबांचे एकूण प्रमाण चाळिसाच्या आसपासच राहिले. हे आकडे देशाचे आहेत; परंतु आपल्या भागातील कोणत्याही कास्तकारास ते परके वाटणार नाहीत.

दुकानदार हा वाईट माणूस असतो, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. तो गावातलाच असतो, उधारी देतो, रात्री दार वाजविले तरी उघडतो. अडचण अशी की, त्याचा सल्ला आणि त्याचा माल यांत भेद करता येत नाही. काहीच फवारू नका, हा सल्ला कित्येकदा सर्वांत योग्य असतो. पण तो देऊन दुकान चालत नाही. हे ओळखून हैदराबादच्या ‘मॅनेज’ या राष्ट्रीय संस्थेने २००३ पासून दुकानदारांसाठीच एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम चालविला आहे. तो उपक्रम स्तुत्य आहे; तथापि तो तटस्थ सल्लागाराची जागा घेऊ शकत नाही.

ही उणीव किती महागात पडते, हे पैनगंगेपलीकडच्या मुलुखाने पाहिले आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्यावर वाढली होती, हवा दमट होती, किडीने लोक धास्तावले होते. दोन-तीन औषधे एकत्र करून, तोंडाला साधा रुमालही न बांधता फवारणी झाली. विष कोणते, किती आणि कशासाठी, हे वेळेवर सांगणारा माणूस बांधावर असता, तर त्यांतील कित्येक घरांत आज कर्ता पुरुष असता. विस्तारसेवा हा केवळ उत्पन्नवाढीचा विषय नसून जीविताचाही आहे, तो असा.

सीमेवरचा शेतकरी आणि भाषा

आपल्या भागात या प्रश्नास आणखी एक पदर आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके महाराष्ट्राकडे म्हणजे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, तर मुधोळ, भैंसा, कुबेर ही नांदेडची मंडळे इकडे आली. रेषा आखली गेली. पण बोली रेषेप्रमाणे वाटल्या गेल्या नाहीत. मराठी घरे तेलंगणात राहिली आणि सिरोंच्यासारखा तेलुगू बोलणारा तालुका महाराष्ट्रात राहिला. परिणामी इकडच्या मराठी शेतकऱ्याच्या हाती तेलुगू पत्रक पडते आणि नदीपलीकडच्या तेलुगू शेतकऱ्याच्या हाती मराठी. जिवती तालुक्याच्या सीमेवरील महाराजगुडा आदी चौदा गावांवर तर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला असून तेथे दोन्हीकडच्या योजना पोहोचल्या आहेत. योजना दोन मिळाल्या म्हणून शेतीचे शिक्षण दुप्पट मिळते, असे मात्र नव्हे.

मातृभाषेतून शिकविल्याने काय साधते, याचा दाखला याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. निजामी राजवटीत १९४३ साली मारलवाई येथे हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले. तेथे गोंडी भाषेची पाठ्यपुस्तके देवनागरी लिपीत तयार करण्यात आली. ज्या मुलुखात सरकारी कागद कोणास वाचता येत नव्हता, तेथे गोंडांतूनच शिक्षक उभे राहिले. ज्ञान शेतकऱ्याच्या बोलीतून यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही, एवढे यावरून दिसते.

काळी माती, कपाशी आणि बोंडअळी यांना सीमा नाही. म्हणून नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था व अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांचे मराठी साहित्य आणि आपल्या जिल्ह्यातील बेल्लमपल्लीच्या कृषी विज्ञान केंद्राचा तेलुगूतील सल्ला ही दोन्ही दालने आपणांस खुली आहेत. दोन भाषा येणे हे ओझे नसून भांडवल आहे.

आपण काय करू शकतो?

प्रथम, आपल्या घरच्या शेतकऱ्यांना मुक्त सल्ल्याचे पत्ते माहीत करून द्यावेत. किसान कॉल सेंटर जानेवारी २००४ पासून चालू असून १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत विनामूल्य उत्तर मिळते, तेही देशी भाषांत. कीड लागल्यावरच नव्हे, तर बियाणे घेण्यापूर्वीच विचारावे.

दुसरे, माती तपासावी. पीक निघाल्यावर शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती घ्यावी. झाडाखालची, बांधाची व उकिरड्याजवळची माती घेऊ नये. सर्व माती एकत्र करून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करावे.

तिसरे, किडीची संख्या मोजण्याची सवय लावावी. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून रोज पतंग मोजावेत. सापळ्यागणिक आठ पतंग सलग तीन रात्री आढळले, तरच उपायाची वेळ आली असे समजावे. दुकानात गेल्यास कीड कोणती, औषधातील घटक कोणता, मात्रा किती, हे विचारावे व पक्की पावती घ्यावी. डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहावा. लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष.

चौथे काम न्यासाचे आहे. ज्यांना दोन्ही भाषा अवगत आहेत अशा आपल्या तरुण-तरुणींनी रैतु वेदिकेत सांगितलेल्या सल्ल्याचे चार ओळींचे मराठी टिपण करून न्यासाच्या फलकावर लावावे. खरिपापूर्वी एकदा आणि बोंडे धरू लागताच एकदा, अशा दोन सभा कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांस बोलावून घ्याव्यात आणि त्यांत बायकांना व बटाईदारांना अगत्याने बसवावे. यास फार द्रव्य लागत नाही, नियमितपणा लागतो.

सत्तरांहून अधिक वर्षांत शासनाने ग्रामसेवक, पंधरवड्याची भेट, आत्मा आणि वेदिका असे अनेक मार्ग काढले. प्रत्येकात काही चांगले होते आणि जेथे जेथे ते यशस्वी झाले, तेथे शेतकऱ्यांचा संघटित गट समोर उभा होता. विचारणारा असला की सांगणाऱ्यालाही यावे लागते. आपला न्यास हा असा विचारणारा समाज घडवो, आणि पुढील महोत्सवाच्या स्मरणिकेत या उपक्रमाचा वृत्तान्त आपल्याच शेतकरी बंधु-भगिनींच्या लेखणीतून वाचावयास मिळो, हीच सदिच्छा.