थकवा : कारणांचा शोध आणि दैनंदिन शक्तीचा विचार

संस्थेच्या वार्षिक अहवालात कार्याचा आढावा व जमाखर्च यांबरोबरच आरोग्यविषयक एखाद्या प्रश्नाचा ऊहापोह असावा, अशी आमची भूमिका आहे. यंदा आम्ही विषय निवडला आहे तो थकव्याचा. ‘अंगात त्राण नाही’, ‘हातपाय गळून जातात’, ‘जिना चढताना धाप लागते’, ‘सकाळी उठावेसेच वाटत नाही’ अशा तक्रारी आमच्या बाह्यरुग्ण विभागात नित्य ऐकू येतात. त्या सांगणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते, आणि तक्रारीपाठोपाठ बहुधा एक विनंतीही येते : ‘डॉक्टर, एक सलाईन लावा, म्हणजे ताकद येईल.’

ही विनंती करणाऱ्या भगिनीचा थकवा खरा असतो, याविषयी आमच्या मनात शंका नाही. मात्र त्यावरचा तिने मनाशी ठरवलेला उपाय तिच्या हिताचा नसतो. थकवा हे वयाचे, नशिबाचे किंवा ‘बाईच्या जातीचे’ अटळ भोग नव्हेत. बहुतेक वेळा त्याला शोधता येण्याजोगे कारण असते, आणि ते कारण सापडले की उपायही घराच्या आवाक्यातला असतो. तेवढे पटवून देणे हाच या लेखाचा उद्देश आहे.

सलाईनच्या बाटलीत काय असते?

ज्याला आपण सरसकट सलाईन म्हणतो त्याचे मुख्यतः दोन प्रकार वापरले जातात. पहिला मिठाच्या पाण्याचा. त्याच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. त्यातून शरीराला ऊर्जा अजिबात मिळत नाही. दुसरा प्रकार ग्लुकोजचा. पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे पाच-सहा चमचे साखर. त्यापासून मिळणारी ऊर्जा शंभर कॅलरींच्या आतबाहेर भरते. पन्नास ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीतून सुमारे १६५ कॅलरी मिळतात. याचा अर्थ, दिवसाची मजुरी बुडवून आणि पदरचे पैसे मोजून शिरेत घेतलेली बाटली ही अर्ध्या-पाऊण भाकरीइतकी असते. भाकरीत प्रथिने, लोह आणि चोथा असतो; बाटलीत तेही नसते.

मग सलाईननंतर बरे का वाटते? दोन तास पाठ टेकायला मिळते, कोणीतरी विचारपूस करते, उन्हात काम करून शरीरातले पाणी कमी झाले असल्यास ते भरून निघते आणि उपचार झाल्याचे समाधान लाभते. हा आराम एक-दोन दिवस टिकतो व थकवा पुन्हा आपल्या जागी येतो. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले असता, शस्त्रक्रियेच्या वेळी अथवा रुग्णाला तोंडाने काही घेता येत नसेल तेव्हा सलाईन प्राण वाचवते, हे निर्विवाद. परंतु गरज नसताना ते दिल्यास जंतुसंसर्गाचा धोका असतो, आणि हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार किंवा तीव्र रक्तक्षय असलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात पाणी साठण्याचे भय असते. सर्वांत मोठी हानी अशी की मूळ कारणाचा शोध लांबणीवर पडतो.

रक्त हेच शक्तीचे वाहन

आपण खातो त्या अन्नाचे ऊर्जेत रूपांतर होण्यासाठी प्राणवायू लागतो. तो फुप्फुसांतून स्नायूंपर्यंत वाहून नेण्याचे काम तांबड्या पेशींमधील हिमोग्लोबिन करते. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू धरून ठेवू शकते. हिमोग्लोबिन १४ असेल तर १०० मिलिलिटर रक्तातून सुमारे १९ मिलिलिटर प्राणवायू जातो. तेच ७ वर आले की हे प्रमाण निम्म्यावर येते. ही तूट भरून काढण्यासाठी हृदय अधिक वेगाने धडधडू लागते. पाण्याचा हंडा उचलताना धाप लागणे, छातीत धडधडणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे यांचा उगम पुष्कळदा येथे असतो. अशा वेळी रुग्णाला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे.

गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीच्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे १२ ग्रॅम, गर्भवतीच्या रक्तात सर्वसाधारणपणे ११ ग्रॅम आणि पुरुषाच्या रक्तात १३ ग्रॅम हिमोग्लोबिन असावे. त्याहून कमी असल्यास त्याला रक्तक्षय किंवा पंडुरोग म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. २०१५-१६ च्या सर्वेक्षणात हाच आकडा ४८ टक्के होता. निम्म्याहून अधिक स्त्रियांना जे होते ते ‘सगळ्याच बायकांना होते’ म्हणून सोडून दिले जाते. परंतु प्रसूतीच्या वेळी या दुर्लक्षाची किंमत द्यावी लागते. निरोगी स्त्री जो रक्तस्राव सोसू शकते, तोच तीव्र रक्तक्षय असलेल्या मातेच्या जिवावर बेततो.

मुंबईने जगाला दिलेला धडा

रक्त व आहार यांचा संबंध उलगडण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९२८ मध्ये डॉ. ल्युसी विल्स या ब्रिटिश वैद्यक संशोधिका गर्भवती स्त्रियांमधील तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी भारतात आल्या. मुंबईच्या हाफकिन संस्थेत त्यांचे काम चाले. शहरातील गरीब गर्भवतींना, त्यांतही कापड गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांना, हा विकार होत असे. जंतुसंसर्गाचा पुरावा मिळेना, तेव्हा त्यांनी या स्त्रियांच्या आहाराकडे लक्ष वळवले. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे फॉलिक आम्ल. १९४१ मध्ये पालकाच्या पानांपासून ते वेगळे करण्यात आले आणि पानाला लॅटिन भाषेत जो शब्द आहे त्यावरून त्याचे नाव पडले. आज प्रत्येक गर्भवतीला लोहाबरोबर फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते, तिच्यामागे मुंबईच्या त्या अनाम मातांचे ऋण आहे.

ताटाचा विचार

भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दररोज १९ मिलिग्रॅम, तर मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह आवश्यक आहे. लोहाची गरज अशी जिला अधिक, तीच आपल्याकडे सर्वांत शेवटी जेवते, आणि भाजी संपली असेल तर चटणीवर भागवते. यास्तव आहारातील पहिली सुधारणा पदार्थांची नसून पंक्तीची आहे : घरातील सर्वांनी एकत्र बसून जेवावे. पहाटे उठून केवळ चहा-बिस्किटावर दुपारपर्यंत राबणाऱ्या भगिनीने कामाला लागण्यापूर्वी भाकरी-भाजी, थालीपीठ किंवा शेंगदाणे घातलेले पोहे असे काहीतरी खाल्लेच पाहिजे.

दुसरी गोष्ट लोहाची. बाजरी, नाचणी, मटकी, हरभरा, चवळी, अळीव, तीळ, कारळे, मेथी, माठ, शेवग्याचा पाला हे आपल्या मातीतले पदार्थ नित्याच्या आहारात असावेत. जे मांसाहार करतात त्यांना मटण, कलेजी, मासे व सुकटीतून मिळणारे लोह शरीरात अधिक सहजतेने शोषले जाते. वनस्पतिज लोहाचे शोषण मुळात कमी असते; म्हणून जेवणात लिंबू पिळावे किंवा आवळा, पेरू खावा. कडधान्यांना मोड आणल्यानेही शोषण सुधारते. याउलट जेवणाबरोबर घेतलेला चहा हे लोह अडवून धरतो. चहा सोडावा असा आमचा आग्रह नाही. मात्र तो आणि जेवण यांत किमान एक तासाचे अंतर असावे. लोखंडी तवा व कढई यांचा वापर पुन्हा सुरू करावा, विशेषतः टोमॅटो, कोकम अशा आंबट पदार्थांच्या भाज्यांसाठी. केवळ गुळाच्या खड्यावर विसंबून राहू नये. त्यातील लोह अपुरे असते.

तिसरी गोष्ट ब-१२ जीवनसत्त्वाची. ते वनस्पतींत नसते. शाकाहारी व्यक्तींनी दूध, दही, ताक नियमित घ्यावे. चालत असल्यास अंडी खावीत. हातापायांना मुंग्या येणे, विसराळूपणा व थकवा एकत्र असल्यास या जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी.

रक्तक्षय जडल्यावर मात्र केवळ आहार पुरत नाही. लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात गर्भवतींना १८० दिवसांच्या गोळ्या विनामूल्य मिळतात, तसेच किशोरवयीन मुलींना आठवड्याला एक निळी गोळी दिली जाते. गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो. त्यात घाबरण्याजोगे काही नाही. मळमळ होत असल्यास त्या रात्री जेवणानंतर घ्याव्यात. चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नयेत. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन वाढू लागते व बरे वाटते, आणि नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक जणी गोळ्या थांबवतात. हिमोग्लोबिन योग्य पातळीवर आल्यानंतरही शरीरातील लोहाचा साठा भरण्यास सुमारे तीन महिने लागतात. गोळ्यांचा उपयोग होत नसेल, तर जंत, मासिक पाळीतील अतिरिक्त रक्तस्राव, मूळव्याध यांचा शोध घ्यावा लागतो. विदर्भ व नंदुरबारसारख्या भागांत सिकलसेलची तपासणीही महत्त्वाची ठरते.

श्रम, व्यायाम आणि विसावा

‘दिवसभर घरात राबतो, आणखी व्यायाम कशाला?’ हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. उत्तर प्रत्येकाच्या कामावर अवलंबून आहे. शेतात खुरपणी करणाऱ्या किंवा डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या स्त्रीला अधिक व्यायामाची नव्हे, तर अधिक अन्नाची व विश्रांतीची गरज आहे. बैठे काम करणाऱ्यांची गोष्ट निराळी. न वापरलेले स्नायू दुर्बल होतात व थोड्या श्रमानेही दमतात. नियमित चालण्याने स्नायूंमधील ऊर्जा निर्माण करणारी यंत्रणा वाढते आणि हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाची आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणाऱ्या हालचालींची शिफारस केली आहे. पाच दिवस प्रत्येकी अर्धा तास भरभर चालले आणि दोन दिवस सूर्यनमस्कार किंवा खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा सराव केला, की ती पूर्ण होते. मात्र रक्तक्षय तीव्र असल्यास आधी उपचार, मग व्यायाम, हा क्रम पाळावा.

झोप किमान सात तास असावी. चहा-कॉफीचा अंमल कित्येक तास राहतो. म्हणून ज्यांना झोप लागत नाही त्यांनी सायंकाळनंतर ती पेये टाळावीत व निजण्यापूर्वी मोबाइल बाजूला ठेवावा. पाणी तहान लागेपर्यंत लांबवू नये. शौचालयाची सोय नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या भगिनी आमच्या पाहण्यात आहेत. तेथे उपदेशाआधी सोय करणे हे समाजाचे कर्तव्य आहे. शेवटी मशेरीविषयी. दात घासण्याच्या निमित्ताने लावली जाणारी ही भाजलेली तंबाखूच होय. तिने भूक मरते, पोटात अन्न कमी जाते आणि गर्भवती स्त्रीच्या बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका वाढतो.

तपासणी केव्हा करावी?

पुरेसे अन्न व झोप घेऊनही थकवा दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर रक्ताची तपासणी करून घ्यावी. पुढील लक्षणे असल्यास मात्र थांबू नये :

१. सायंकाळचा ताप, दोन आठवड्यांहून अधिक खोकला, घटते वजन : क्षयरोगाची शक्यता.
२. वारंवार तहान व लघवी : मधुमेहाची शक्यता.
३. वाढते वजन, थंडी सहन न होणे, केस गळणे : थायरॉइडच्या विकाराची शक्यता.
४. मोठ्याने घोरणे व दिवसा पेंग येणे : झोपेत श्वास अडखळण्याची शक्यता.
५. कशातच मन न लागणे, रडू येणे, झोप उडणे : नैराश्याची शक्यता. तोही आजारच आहे व त्यावर उपचार आहेत.
६. छातीत दुखणे, बसल्या जागी धाप, पायांवर सूज, काळी किंवा रक्तमिश्रित शौच : तातडीने रुग्णालयात यावे.

समारोप

हिमोग्लोबिनची तपासणी ही सर्वांत साध्या व स्वल्प खर्चाच्या तपासण्यांपैकी एक आहे. आमच्या हितचिंतकांना व वाचकांना आमची एकच विनंती आहे. आपल्या घरातील आई, पत्नी, सून, लेक आणि घरकामाला येणाऱ्या ताई यांपैकी कोणी ‘दमले बाई’ असे म्हणत असेल, तर ते वाक्य सवयीचे म्हणून सोडून देऊ नका. तिची रक्ततपासणी करून घ्या, तिला आपल्या पंक्तीला बसवा आणि तिच्या वाट्याच्या कामातील काही काम आपल्याकडे घ्या. यांतील पहिली गोष्ट रुग्णालय करू शकते. उरलेल्या दोन घरानेच करावयाच्या आहेत, आणि त्यांच्यावाचून आमचे औषध अपुरे पडते.