तेराव्या अध्यायात अडकलेल्या भाच्याला

सातारा,
भाऊबीज

चि. भाचेबुवा,


तुझा निरोप मिळाला. गुढीपाडव्याला ज्ञानेश्वरी उघडायची, पुढच्या पाडव्याला पुरी करायची, रोज पंचवीस ओव्या, असा तुझा संकल्प. भाद्रपद संपता संपता बारा अध्याय झाले, आणि आता महिना होत आला तरी तेरावा सरत नाही. त्यावरून तू निकाल देऊन टाकलास की आपण आळशी झालो. अठरापैकी बारा झाले, दोन तृतीयांश काम उरकलं आणि नेमकी आता कच खाल्ली, ही खंत वर आहेच.

आधी हिशेब बघू, कारण घोळ तिथेच आहे. या ग्रंथात अध्यायाचं माप चालत नाही. प्रचलित प्रतीत ९,०३३ ओव्या धरतात. प्रतीनुसार आकडा थोडा इकडेतिकडे होतो. पण त्या सगळीकडे सारख्या वाटलेल्या नाहीत. पाचवा अध्याय १८० ओव्यांचा, सातवा २१०. तेरावा मात्र साडेअकराशेच्या वर आणि अठरावा एकटा अठराशेच्या घरात. हे दोन मिळूनच ग्रंथाचा तिसरा हिस्सा होतो. उलट पहिल्या नऊ अध्यायांची बेरीज तीन हजारसुद्धा भरत नाही. बारावा संपवून तू एक्सेलच्या तक्त्यात हिरवा रंग भरलास, तेव्हा अर्धा ग्रंथही झाला नव्हता. थोडक्यात, तेव्हा तू स्वतःवर खूश होतास तेवढं कौतुकाचं काही झालं नव्हतं आणि आता चिडला आहेस तेवढं बिघडलेलंही नाही. पाडव्यापासून आजवरची सरासरी काढ, रोज वीस-एकवीस ओव्या पडते. बंगळुरूची नोकरी आणि तिथली ट्रॅफिक सांभाळून एवढं वाचणारा माणूस आळशी नसतो.

आता वेग मंदावला तो का? बाराव्यात गीतेचे वीस श्लोक आणि त्यांवर २४७ ओव्या, म्हणजे श्लोकामागे बारा. तेराव्यात हेच प्रमाण श्लोकामागे चौतीसच्या आसपास जातं. गीता ज्ञानाची लक्षणं भराभर सांगून मोकळी होते. ज्ञानदेव एकेका लक्षणापाशी बैठक मारतात. तू अहिंसेपाशी थबकला आहेस ना? त्या एका शब्दावर शंभराच्या आसपास ओव्या आहेत. आधी यज्ञयागातल्या आणि वैद्यकातल्या हिंसेचा समाचार घेतात, मग अहिंसक माणूस चालतो कसा, बोलतो कसा, पाहतो कसा, ते सांगत बसतात. केसर दुखावतील म्हणून कमळावर अलगद पाय टेकणारा भुंगा तिथेच आहे, आणि पिल्लाला दातांत धरूनही दात लागू न देणारी मांजरीही तिथेच. इथे सांगणाराच रमला आहे, तर ऐकणाऱ्याने घड्याळ बघू नये. पंचवीसचा आकडा गाठायला तू ती मांजरी ओलांडून गेलास, तर मग वाचलंस काय?

तेव्हा माझं ऐकशील तर तारीख बदल. राहिलेल्या ओव्या पाडव्याच्या आत बसवायच्या म्हटलं तर रोजच्या तीसच्या वर जातील. चार दिवस जमेल, पाचव्या दिवशी पोथी कपाटात जाईल. आहे त्याच चालीने गेलास तर आषाढीच्या आसपास पसायदानापाशी पोचशील. पाडवा तू ठरवलास, ग्रंथाने नाही. नेवाशात शके १२१२ मध्ये सांगून झालेला ग्रंथ. त्याला तीन-चार महिन्यांची काय घाई? पण एकदा आषाढी म्हटलीस की मात्र ती हलवायची नाही. तारीख एकदा सरकवणं शहाणपणाचं, दुसऱ्यांदा सरकवली की ती तारीख उरत नाही.

बुडालेल्या दिवसांची थकबाकी दुसऱ्या दिवसावर लादू नकोस. तुझ्या तक्त्यात लाल रकाने साठतात आणि मग रविवारी बसून दीडशे ओव्या गिळतोस, ते बंद कर. दिवस चुकला तर चुकला. त्या ओव्या शेवटाला जोडायच्या. खरं तर तो तक्ताच पुसून टाक. पोथीच्या समासात पेन्सिलीने बारीक खूण केलीस तरी पुरे आहे.

दमून आलास त्या दिवशी अर्थाच्या वाटेला जाऊ नकोस. मोठ्याने नुसत्या ओव्या म्हण. वीस ओव्यांना पाच-सात मिनिटं लागतात. अर्थ धरून बसलं की अर्धा तास कुठे गेला कळत नाही. ताजातवाना असशील तेव्हा खुणेपासून अर्थासकट पुन्हा वाच. गावच्या सप्ताहात सात दिवसांत अख्खी ज्ञानेश्वरी होते ती अशीच, तोंडाने. व्यासपीठचालक पुढे म्हणतो, बाकीचे त्याच्या चालीत चालतात, आणि दुपारी पेंगणाऱ्यालाही मागची रांग ओढून नेते. त्यातला प्रत्येक जण प्रत्येक ओवी समजून म्हणतो असं कोण म्हणेल? पण आवाज कानात राहतो, आणि मग कधीतरी अर्थ लागतो. तू सार्थ प्रत घेतली आहेस, ते चांगलंच; फक्त खालचा गद्य अर्थ आधी वाचून वरची ओवी नुसती डोळ्यांखालून घालायची सवय लागली असेल तर मोड. आधी ओवी, अडलं तर अर्थ.

तुला मागची रांग नाही, ही खरी अडचण. तुझ्या आईला विचार. तिला सांगायचं धाडस माझं नाही, पण रविवारी सकाळी फोनवर तू वीस ओव्या म्हण आणि तिने पोथीवर बोट ठेवून ऐकायचं, असं ठरवलंत तर ती एकही रविवार चुकवू देणार नाही. उच्चारही सुधारतील तुझे.

तेराव्यानंतरचा रस्ता एवढा चढाचा नाही. चौदावा चारशेच्या थोडा वर, पंधरावा सहाशेच्या आत. अठराव्याची धास्ती आत्तापासून घेऊ नकोस; त्याला कलशाध्याय म्हणतात, आणि तिथे मागचंच बरंच काही पुन्हा भेटतं.

आणि एक. ज्ञानाची लक्षणं संपली की ज्ञानदेव अज्ञानाची लक्षणं घेतात, तीही चांगली ऐसपैस. तिथपर्यंत पोचलास की फोन कर. त्यात आपल्या घरातलं कोण कोण सापडतं ते बोलू. मामा सापडला तरी सांग.

तुझा,
मामा