माठासारखा वाजवून घे

अगं, तू पाठवलेले विंडसर्फिंगच्या जुन्या बोर्डांचे पाचही फोटो पाहिले. पाचही वरून काढलेत. तळ कुठे नाही, शेपटी नाही, मास्ट बसतो ती खाच नाही. गोव्याचा तो विकणारा लबाड आहे असं मी म्हणत नाही. माणूस फोटो काढताना रंगीत बाजूच काढतो. पण पैसे ठरवायच्या आधी स्वतः जाऊन बघ. जाताना एक रुपयाचं नाणं, घरातला वजनकाटा, पातळ दोरी, साबणाचं पाणी आणि मोठा स्क्रू ड्रायव्हर एवढं पिशवीत टाक. तो हसला तर हसू दे.

आता तू म्हणशील, काका वाघोलीत बसून मला समुद्रातल्या गोष्टी काय सांगणार. खरंय. इथे पाणी म्हणायचं तर वाघेश्वराचं तळं, आणि खडी काढून झाली की खाणीत साठतं ते पावसाचं. पण तीस वर्षं मी केसनंद रस्त्याच्या शेडमध्ये फायबरच्या टाक्या, दारं, बसचे डॅशबोर्ड ओतले. बाहेर क्रशरची धूळ, आत रेझिनचा वास. कुणाचातरी फुटलेला बोर्ड दुरुस्तीला आला, मग दुसरा आला, आणि चाळिशी उलटल्यावर मी स्वतःच खडकवासल्याच्या धरणात पडायला लागलो. वाऱ्यातलं मला तुझ्याइतकंच कळतं. बोर्डाच्या पोटातलं मात्र जरा जास्त कळतं.

पोटात काय असतं? थर्माकोल. टीव्हीच्या खोक्यात येतो त्याच जातीचा, थोडा घट्ट. त्यावर फोमचा पातळ थर, काचेचं किंवा कार्बनचं कापड, इपॉक्सी रेझिन आणि रंग. म्हणजे थर्माकोलला घातलेला कडक सदरा. हा सदरा धड आहे का आणि आतला थर्माकोल कोरडा आहे का, जुना बोर्ड घेताना बघायचं ते एवढंच. रंग उडालाय, स्टिकर फाटलाय, पिवळट पडलाय, याला मी शून्य किंमत देतो. उलट जुन्या बोर्डावर एकाच ठिकाणी ताजा रंग दिसला तर तिथे आधी बोट ठेव.

माठ घेताना आपण काय करतो? टिचकी मारतो. तसंच इथे. नाणं कडेनं धरून नाकापासून शेपटीपर्यंत टकटक करत जा, वीतभर अंतरानं, आधी वर, मग तळाला. धड जागी आवाज एकसारखा टणक येतो. जिथे तो भद्द होतो तिथे कापड आतल्या फोमपासून सुटलंय. अंगठ्यानं दाब, पापडासारखं आत-बाहेर झालं तर शंकाच नको. सगळ्यात आधी टाचांच्या जागा वाजव, फूटस्ट्रॅपच्या आजूबाजूला. माणसाचं सगळं वजन वर्षानुवर्षं त्याच दोन वितींवर आदळतं. तिथे तळहाताएवढा मऊपणा असेल तर किंमत पाडून घेता येईल, दुरुस्ती होते. मास्टच्या खाचेच्या दोन्ही बाजूंना मऊ असेल तर पिशवी उचल आणि चहा पिऊन परत ये.

नाकावरच्या जखमांना घाबरू नको. शिकाऊ माणूस पुढे फेकला जातो, मास्ट नाकावर आदळतो, खळगा पडतो. असं प्रत्येक बोर्डाचं झालेलं असतं. तू स्वतः किती नाकं फोडलीस ते आठव. प्रश्न एवढाच, की त्या भेगेतून पाणी आत गेलं का?

हे काटा सांगतो. बोर्डावर, बहुतेकदा मास्टच्या खाचेजवळ किंवा शेपटीकडे, लिटर आणि रुंदी छापलेली असते. कंपनीनं सांगितलेलं वजन मॉडेलच्या नावावरून शोधून आधीच लिहून ने. मग आधी तू काट्यावर उभी राहा, नंतर बोर्ड काखेत घेऊन. फूटस्ट्रॅप, फिन, दुरुस्त्या यांचा किलोभर सोड. त्याहून दोन-तीन किलो जास्त भरलं तर ते पाणी आहे, आणि थर्माकोलच्या दाण्यांमध्ये शिरलेलं पाणी महिनोन्‌महिने निघत नाही. मी एकदा एक बोर्ड सबंध उन्हाळा शेडच्या पत्र्याखाली उभा करून ठेवला होता. रोज सकाळी खाली चमचाभर पाणी. मे संपला, पाणी संपलं नाही.

भेग जिवंत आहे की वरवरची, हे पंक्चरवाल्याच्या पद्धतीनं बघ. व्हेंटचा, म्हणजे आतल्या हवेच्या भोकाचा, स्क्रू घट्ट करून बोर्ड दहा-पंधरा मिनिटं उन्हात ठेव, आतली हवा फुगेल. मग भेगेवर साबणाचं पाणी लाव. बुडबुडे आले तर तिथून हवा बाहेर येते, म्हणजे पाणीही आत जातं.

माझी एक फजिती सांगतो, कारण तीच चूक तुझ्या ओळखीचा कुठलातरी फायबरवाला करेल. पहिला जुना बोर्ड घेतला तेव्हा तळाला रुपयाएवढं भोक होतं. मला काय, टाक्या बनवणारा माणूस! डब्यातलं नेहमीचं पॉलिएस्टर रेझिन काढलं, हार्डनर टाकला, भोकात ओतलं. शांतपणे आत गेलं. अजून थोडं ओतलं, तेही गेलं. तिसऱ्यांदा ओतताना लक्षात आलं की भोक भरत नाहीये, आत खोली तयार होतेय. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि स्टायरीन थर्माकोल खातं, साखर पाण्यात जावी तसं. रुपयाच्या भोकाखाली नारळ मावेल एवढा खड्डा झाला. म्हणून विकणारा ‘दुरुस्त केलंय’ म्हणाला की विचार, कशानं? ‘इपॉक्सी’ हा शब्द आला पाहिजे. ‘गॅरेजवाल्याकडून करून घेतलं’ म्हणाला तर तिथे दोनदा वाजव. आणि घासून बघितल्यावर बोर्ड मेणचट प्लॅस्टिकचा, पॉलिथिलीनचा निघाला, तर त्यावर इपॉक्सीही धड चिकटत नाही. असे बोर्ड मार खातात, पण फुटले की फुटले.

आता मापाचं. इथे मला तुझीच जास्त भीती वाटते. फोटोतल्या एका बोर्डावर ९४ लिटर दिसतंय, आणि तू त्यालाच दोन हृदयं पाठवलीस.

हिशेब कर. गोड्या पाण्यात एक लिटर एक किलो उचलतो. तू ६२. बोर्ड स्वतः ८-९. सेल, मास्ट, बूम मिळून ९-१० धर. लाइफ जॅकेट, ओले कपडे, हार्नेस यांचे ३. झाले ८२-८४. म्हणजे ९४ लिटरचा बोर्ड तुला जेमतेम पाण्याच्या वर ठेवेल, आणि सेल उपसायला उभी राहिलीस की पाय घोट्यापर्यंत बुडून डुगडुगेल. गोव्यात ज्यांना तू यावर उडताना पाहिलंस ते पाण्यात पडल्या पडल्या सेलच्या ओढीनंच वर येतात. तुला बीच स्टार्ट जमतो, वॉटर स्टार्ट अजून दहांतून तीनदा. तुझ्यासाठी वजनात ५०-६० मिळव: ११२ ते १२२ लिटर, रुंदी ७२ ते ७८ सेंटिमीटर. खडकवासल्याला जास्त जाणार असशील तर १३०कडे झुक. समुद्राचं पाणी जड असतं, १२० लिटरचा बोर्ड तिथे १२३ किलो उचलतो. तीन किलोंचा फरक, पण काठावरच्या बोर्डाला तोही लागतो.

आणि वारा पडला की काय, हे स्वतःला विचार. आपल्या धरणावर जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा डोंगरांच्या मधून येतो, तोही तुकड्यातुकड्यानं. एक झोत तुला बूमसकट उपटतो, पुढच्या मिनिटाला सेल ओल्या धोतरासारखं लोंबतं. थंडीत सकाळी पाण्यावर सुरकुतीही नसते. गोव्यात दोनापावलाला फेब्रुवारी ते मे दुपारनंतर वायव्येचा वारा बऱ्यापैकी भरवशाचा, तरी तोही संध्याकाळी पडतो. १२० लिटरचा बोर्ड ६.५ चौरस मीटरच्या सेलनं तुला पाण्यावर घसरवायला साधारण १२-१४ नॉट मागेल. तसे दिवस तुझ्या कॅलेंडरात किती, ते तूच मोज. उरलेल्या दिवशी काठावर परत आणेल असा बोर्ड घे. धरणाच्या मधोमध वारा पडला की ९४ लिटरवाले पोटावर झोपून हातानं वल्हवत येतात. मी आलोय.

म्हणून मधे खाली सरकणारा सेंटरबोर्ड असलेल्या बोर्डाला नाक मुरडू नको. क्लबांमध्ये मुलांच्या स्पर्धांसाठी आणलेला बिक टेक्नो २९३ कुठे मिळाला तर बघ. २९३ सेंटिमीटर लांब, २०५ लिटर. हो, बिक म्हणजे तीच बॉलपेनवाली कंपनी. दिसायला बोजड, पण हलक्या वाऱ्यात वाऱ्याच्या विरुद्ध वर चढतो आणि जोराचा वारा सुटला की घसरतोही. त्यावर वर्ष काढ. असा बोर्ड घेताना सेंटरबोर्ड हातानं वर-खाली करून बघ, अडकत असेल तर फुगलाय; आणि तळाच्या फटीवरचे रबरी पडदे फाटलेत का तेही.

आर-एस-एक्स मात्र नको. ते सध्या स्वस्तात निघतात, त्याला कारण आहे. २००८ च्या बीजिंगपासून टोकियोपर्यंत ऑलिंपिकला तोच बोर्ड होता. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला पाण्याच्या वर उचलला जाणारा फॉइलवाला आला आणि जुन्याचा भाव बसला. त्याच आर-एस-एक्सवर आपल्या एबाद अलीनं २०२३ मध्ये हांगझोच्या एशियाडला ब्राँझ आणलं, हे खरं. पण तो ९३ सेंटिमीटर रुंद, साडेपंधरा किलोंच्या आसपासचा ऐवज, आणि बायकांचं सेलही साडेआठ मीटरचं. तू शनिवार-रविवारची खेळाडू. कारच्या टपावर चढवतानाच दमशील.

तळाला वळू. आपल्याकडचा बोर्ड सगळ्यात आधी फिनच्या खोबणीत म्हातारा होतो. एप्रिल-मेमध्ये धरण उतरलं की खडक आणि झाडांची खुंटं वर येतात, फिन आपटतं, आणि धक्का खोबणीला बसतो. फिन बसवून, स्क्रू आवळून, टोकाला धरून डावी-उजवीकडे हलव. फिन थोडं वाकू दे, खोबणी हलता कामा नये. कडेनं केसाएवढी रेघ दिसली तर नखानं चाचप. खोबणी कुठल्या जातीची तेही विचार, पॉवर बॉक्स की टटल. या दोन्हींची फिनं मिळतात, भलत्याच जातीची निघाली तर फिनसाठी परदेशातल्या कुणाच्यातरी बॅगेची वाट बघत बसशील.

मग दोरी. शेपटीपासून पुढे हातभर तळाच्या मधोमध ताणून धर. तो भाग सपाट हवा. दोरीखाली प्रकाश दिसला किंवा पोट वर आलं तर बोर्ड उन्हात तापून वाकलाय, तो पाणी ओढत चालेल. याला दुरुस्ती नाही.

फूटस्ट्रॅपचे स्क्रू सगळे काढून परत लावून बघ, एखादा नुसता गरगर फिरत असेल तर आतला प्लग गेला. मास्टच्या बुडाचं रबर दोन्ही बाजूंना वाकवून बघ. चिरा दिसल्या तर ते मोफत दिलं तरी नवीनच घे. ते पाण्याच्या मधोमध तुटलं की सेल एकीकडे, तू एकीकडे. सोबत जुनं सेल देत असेल तर गुंडाळून बघ. पारदर्शक भाग वाळक्या पानासारखा कुरकुरला तर त्याची किंमत धरू नको.

समजा घेतलास. गोव्याहून आणताना घाट चढायच्या आधी व्हेंटचा स्क्रू सैल कर. आपण पुण्यात समुद्रापासून साडेपाचशे मीटर वर राहतो. बंद बोर्डातली हवा इथे पोचेपर्यंत बाहेरच्यापेक्षा सहा टक्के जास्त दाबाची होते, वर टपावरचं ऊन. थर्माकोलचा सदरा आतून उसवतो. काही बोर्डांना आपोआप श्वास घेणारं व्हेंट असतं, तिथे काही करायचं नाही. सैल केलास तर मास्टच्या खाचेवर चिकटपट्टी लावून त्यावर मोठ्यानं ‘स्क्रू’ लिही, म्हणजे मास्ट बसवताना आठवेल. टपावर पालथा ठेव, नाक पुढे, खाली जुनी सतरंजी. ट्रकवाल्यांचा रॅचेट पट्टा वापरू नको. कट-कट करत आवळला की बोर्डाच्या कडा चेपतात आणि तुला गाडीत बसून ऐकूही येत नाही. साध्या बकलाचा पट्टा, हातानं ओढून, बास.

आणि आधी घरी नेऊ नको, इकडे आण. खराडी बायपासवरून सकाळी सातच्या आत निघालीस तर नगर रोड मोकळा असेल, नाहीतर केसनंद फाट्यावर तासभर उन्हात बोर्ड भाजत उभी राहशील. शेडमध्ये दोन घोड्यांवर गोणपाट टाकून ठेवतो. आपण पुन्हा एकदा सगळा वाजवू.

आज संध्याकाळी त्या माणसाला फोन करशील तेव्हा तळाचे फोटो माग, आणि व्हेंटचा स्क्रू जागेवर आहे का ते विचार. हरवलाय म्हणाला, तर कधीपासून, आणि त्यानंतर किती वेळा पाण्यात नेला, तेही.