दीड टनाचे लेथ आणि चार नळ्या

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एखादे जुने लेथ यंत्र एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात नेताना तुम्ही पाहिले आहे का? जेथे क्रेन आत शिरत नाही, तेथे हे काम खलाशी करतात. पहारी, लोखंडी नळ्या, लाकडी ठोकळे आणि चेन-पुली ही त्यांची साधने.

यंत्राचे वजन 1500 किलोग्रॅम धरू. हेडस्टॉक जड असल्यामुळे लेथचा गुरुत्वमध्य मधोमध नसून त्या बाजूला सरकलेला असतो. समजा, त्या टोकावर 900 किलोग्रॅम भार आहे. दीड मीटर लांबीच्या पहारीला टोकापासून 10 सेंटिमीटरवर टेकू दिला, तर भुजांचे प्रमाण 140 : 10, म्हणजे 14 : 1 होते. 900 ला 14 ने भागा. उत्तर सुमारे 64. एका माणसाने अंग टाकले की टोक उचलले जाते! मात्र ते बोटभरच उचलायचे आणि ठोकळा काठीने आत सारायचा, हाताने नव्हे. यंत्र उंच व अरुंद असते. गुरुत्वमध्यातून जाणारी लंबरेषा पायाबाहेर गेली की ते कलंडलेच.

आता नळ्या. सिमेंटच्या जमिनीवर घर्षणांक 0.4 धरला, तर यंत्र फरफटत नेण्यास 600 किलोग्रॅम-भार बल लागेल. नळ्यांवर तोच अंक 0.03 धरला, तर 45 पुरे. गंमत अशी, की नळी एक मीटर जाते तेव्हा यंत्र दोन मीटर जाते. (पेन्सिलीवर पट्टी ठेवून करून पाहा.) म्हणून मागे सुटलेली नळी सारखी पुढे आणून ठेवावी लागते.

वर्गात हा हिशेब दिला की बहुतेक विद्यार्थी येथेच खूश होऊन थांबतात. खरा धोका पुढे, गाळ्याच्या दारातील उतारावर असतो. दहा मीटरला एक मीटर उतार असेल, तर यंत्राला खाली खेचणारे बल सुमारे 150 किलोग्रॅम-भार. विरोध करणारे घर्षण अवघे 45. उरलेल्या 105 मुळे यंत्र तीन सेकंदांत सेकंदाला 2 मीटर वेग घेते. नळ्या नसत्या, तर घर्षणानेच ते जागच्या जागी धरून ठेवले असते! ते घर्षण आपणच काढून टाकले.

म्हणून जाणता मुकादम उतार येण्याआधीच यंत्र थांबवतो, नळ्यांपुढे पाचरी मारतो आणि यंत्र वरच्या बाजूच्या भक्कम आधाराला दांड्याच्या चेन-पुलीने बांधतो. मग ते कडीकडीने खाली सोडतात. खालच्या अंगाला कोणालाही उभे राहू देत नाहीत. दांडा हातातून सुटला तरी यंत्र थांबते, कारण पुलीतील ब्रेक त्या भारानेच आवळला जातो.