गोंदेश्वराच्या देवळात एक तास

सिन्नर म्हटलं की आपल्याला फक्त एमआयडीसी आणि इंडस्ट्रियल व्हिजिट आठवते. पण नाशिकपासून साधारण ३० किलोमीटरवरच्या या गावात गोंदेश्वराचं देऊळ आहे, आणि फक्त सिव्हिलवाल्यांनीच नाही, तर सगळ्यांनीच ते एकदा पाहायला हवं.

देवगिरीच्या आधी सिन्नर हे यादवांच्या राजधानीचं ठिकाण होतं. देऊळ अकराव्या-बाराव्या शतकातलं. लोक त्याला सर्रास हेमाडपंती म्हणतात, पण हेमाद्री पंडित तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, म्हणजे या देवळानंतरचा!

देऊळ खालून वर पाहत जा. सगळ्यात खाली उंच जोतं. त्यावर पंचायतन : मधोमध महादेव, चार कोपऱ्यांत विष्णू, गणपती, सूर्य आणि पार्वती यांची लहान देवळं, समोर नंदीमंडप. सगळं काळ्या बेसॉल्टचं.

आता सभामंडपात या. दगड दाब भरपूर सोसतो, पण ताण सोसत नाही, हे आपण स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये शिकलोय. तुळईवर वजन आलं की तिच्या खालच्या अंगाला ताण येतो. म्हणून दोन खांबांमधलं अंतर कमी ठेवलंय, आणि खांबाच्या डोक्यावर चारी बाजूंना पुढे आलेले दगडी हात दिलेत. त्यामुळे तुळईचा स्पॅन आणखी कमी होतो. छतात दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत नेलाय. खरी कमान कुठेच नाही.

बाहेर येऊन शिखर बघा. ही भूमिज शैली. चार बाजूंना वरपर्यंत गेलेल्या नक्षीच्या चार पट्ट्या, त्यांना लता म्हणतात. मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा, वर जाताना लहान होत गेलेल्या.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. बीम, ब्रॅकेट, प्लिंथ हे शब्द मला येत होते. तुळई, जोतं हे शब्द तिथल्या एका आजींकडून मिळाले. सिन्नर विड्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्या दारात बसून, सुपात तेंदूची पानं घेऊन विड्या वळत होत्या. मी विचारलं, "आजी, एवढे दगड चुन्याशिवाय कसे टिकले?" हात न थांबवता त्या म्हणाल्या, "पोरी, दगडाचं वजनच दगडाला धरून ठेवतं." आमच्या दोन लेक्चर्सचं सार एका वाक्यात!

पण या बांधणीचं दुखणंही इथेच आहे. सांध्यात पिंपळाचं किंवा उंबराचं बी रुजलं की मूळ जाडं होतं, दगड सरकतो, पाणी शिरतं. सरकलेल्या दगडावरचं वजन मग नीट खाली उतरत नाही. म्हणून रोपटं दिसलं तर स्वतः उपटू नका, खेचताना दगड निघू शकतो, रखवालदाराला सांगा. शिखरावर चढू नका. आणि किल्लीने खांबावर नावं कोरणाऱ्यांना काय म्हणावं? ज्या कारागिरांनी तो खांब घडवला, त्यांनी स्वतःचं नाव तिथे कुठे लिहिलंय?

तेव्हा सबमिशन संपलं की एखाद्या रविवारी एसटीने जा. जोत्याबाहेर चपला काढा, तासभर फिरा, आणि गावातल्या माणसांशी मराठीत बोला. पुस्तकात नसलेले शब्द तिथे अजून वापरात आहेत. आपण विचारले नाहीत, तर ते पुढे कोणाला सांगणार?