भुरीला घेऊन सोनौलीपार

कामशेतजवळ आमचं घर. भुरी आमची कुत्री, इथलीच, गावठी, भातखाचरांच्या बांधावर सापडलेली. नरक चतुर्दशीच्या पहाटे फटाके सुरू झाले की ती पलंगाखाली शिरायची आणि दुपारपर्यंत थरथरत राहायची. नेपाळात त्याच दिवशी कुकुर तिहार असतो. कुत्र्याच्या कपाळाला टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात, पुढ्यात गोडधोड ठेवतात. हे कळल्यावर तीन वर्षं मनात घोळत राहिलं आणि मग एका दिवाळीत आम्ही दोघं तिला घेऊन निघालो. चाकण, नाशिक, धुळे, इंदूर, झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर आणि सोनौलीचा नाका. सुमारे १,८०० किलोमीटर, पाच दिवस. त्या प्रवासातून शिकलेलं ते असं.

१. कागद पावसाळ्याआधी सांभाळा. लोणावळ्या-कामशेतकडे आषाढ-श्रावणात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, तिथे लसीच्या पुस्तिकेची काय कथा! रेबीजच्या लसीचं लेबल ओलीने सुटून गेलं होतं आणि सहीची शाई पसरली होती. आदल्या वर्षी, निघायला दहा दिवस असताना मी ते पाहिलं. चूक सर्वस्वी माझी. पुन्हा लस, पुन्हा नोंद. आणि लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला काही आठवडे जावे लागतात, म्हणून त्या वर्षीचा बेत रद्द करावा लागला. पुढच्या वर्षी पुस्तिका स्टीलच्या डब्यात, झाकण घट्ट, आणि वर तीन झेरॉक्स. प्रकृती ठीक असल्याचा दाखला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून निघायच्या आठवड्यातच घेतला.

२. चिप आधीच बसवून घ्या. जर्मनीतली माझी भाची तिच्या कुत्र्याला घेऊन ऑस्ट्रियात जाते, तेव्हा नाक्यावर सहसा थांबावंही लागत नाही. मायक्रोचिप, रेबीजची लस आणि युरोपीय पासपोर्ट असला की पुरे. पण भारतातून कुत्रं युरोपात न्यायचं तर आधी चिप, मग लस, मग ३० दिवसांनी रक्ततपासणी आणि त्यानंतर ३ महिन्यांची वाट. चिपआधी टोचलेली रेबीजची लस ते धरत नाहीत. म्हणून भुरीला आम्ही चिप बसवून घेतली, आज गरज नसली तरी.

३. घाटाची सवय घरापासून लावा. भुरीला गाडी लागायची. खंडाळ्याच्या वळणांवर दोनदा तिने ओकारी काढली. मग आम्ही दर रविवारी पवनानगरपर्यंत, पुढे तिकोन्याच्या पायथ्यापर्यंत जाऊ लागलो. निघण्याआधी चार तास खायला नाही, पाणी मात्र थोडं थोडं. सहा महिन्यांत ती मागच्या सीटवर हार्नेस लावून निवांत झोपू लागली. नेपाळात बुटवलहून पाल्प्याकडे चढणारा रस्ता तिने झोपेतच ओलांडला. हे सहा महिने वाचवू पाहणाऱ्याने कुत्र्याला घरीच ठेवावं, असं माझं ठाम मत आहे.

४. उन्हात गाडी बंद करून ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणू नका. बाहेर ३० अंश असले तरी बंद गाडीत दहा मिनिटांत पारा ४०च्या आसपास जातो, आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. मुख्यतः धापा टाकून ते अंग थंड करतं. म्हणून जेवायला आम्ही पाळीने गेलो. एक ताटावर, एक भुरीपाशी. तराईत ऑक्टोबरअखेरही दुपारी चांगलंच उकडत होतं.

५. नाक्यावर सकाळी पोचा आणि शनिवार टाळा, नेपाळात शनिवारी सरकारी सुट्टी असते. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे. आमच्यासाठी मतदार ओळखपत्रं, गाडीसाठी भन्सार (तिथलं सीमाशुल्क) आणि भुरीसाठी पशू क्वारंटाइनची चौकी, अशा तीन रांगा. ट्रकांची घरघर, भोंगे आणि नाक्यावरची भटकी कुत्री, यांत पट्टा हातातून सुटू देऊ नका. रेबीज दोन्हीकडे आहे.

६. परतीचं निघण्याआधी ठरवा. जिवंत जनावर भारतात आणण्यावर १८९८पासून कायदा आहे, आणि आपलंच कुत्रं असलं तरी ते बाहेरून आत येतंच. केंद्राच्या पशू क्वारंटाइन सेवेला लेखी विचारून घ्या, उत्तर सोबत ठेवा.

७. जंगलाकडे जाऊ नका. बिबट्या कुत्र्यावर टपतो हे मावळातल्या धनगराला सांगावं लागत नाही. चितवनचं राष्ट्रीय उद्यान आम्ही सोडून दिलं आणि ते दोन दिवस पाल्प्यातल्या तानसेनला राहिलो.

तिथेच कुकुर तिहार आला. घरमालकिणीने आधी दारातल्या स्वतःच्या काळ्या कुत्र्याला टिळा लावला, मग भुरीकडे वळून मला विचारलं, ‘हिला लावू?’ नेपाळात कुत्रा भैरवाचा, आपल्याकडे खंडोबाचा आणि दत्ताच्या पायाशी बसणारा. फार समजावून सांगावं लागलं नाही. भुरीने मान खाली घातली, माळ घालून घेतली. संध्याकाळी खालच्या गल्लीत दोन फटाके वाजले. तिने कान टवकारले, माझ्याकडे पाहिलं, आणि माळेसकट माझ्या पायाशी आडवी झाली.