धुतलेला ट्रॅक्टर, ब्लोअर व जीप कोरडी करण्याच्या पद्धती

कवठे महांकाळ, तासगाव, मिरज या भागांतील द्राक्षबागायतदाराला फवारणीचे वेळापत्रक तोंडपाठ असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी झाली, की डाऊनी आणि भुरी रोखण्यासाठी ट्रॅक्टर व ब्लोअर सतत बागेत असतात. काम संपल्यावर बहुतेक जण ट्रॅक्टर धुतात. मात्र धुऊन तो तसाच ओला शेडमध्ये उभा करतात आणि धुण्याचे काम संपले असे समजतात. वास्तविक धुण्याचे निम्मे काम तेथून पुढे सुरू होते. वाहन नीट कोरडे न केल्यास धुण्याने लाभ होण्याऐवजी काही वेळा तोटाच होतो. प्रस्तुत लेखात यामागील कारणे आणि घरच्या साधनांनी करता येण्याजोग्या पद्धती दिल्या आहेत.

ओलावा नुकसान का करतो?

बोर्डो मिश्रण तयार झाल्यावर आपण त्यात लोखंडी खिळा किंवा चाकू बुडवून पाहतो. त्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण आम्लधर्मी आहे असे ओळखून चुन्याची निवळी वाढवतो. या परीक्षेत नेमके काय घडते? मोरचुदातील तांबे लोखंडावर बसते आणि तेवढ्या प्रमाणात लोखंड द्रावणात विरघळून जाते. फ्रान्समध्ये मिलार्डे यांनी १८८५ साली बोर्डो मिश्रणाचा उपयोग जगापुढे मांडला. तेव्हापासून ते द्राक्षाचे रक्षण करीत आले आहे, पण लोखंडाचे मात्र ते मित्र नाही. मडगार्डच्या मागे, नट-बोल्टच्या खाचेत, ब्लोअरच्या सांगाड्यात राहिलेला मोरचुदाचा अंश ओला झाला, की हीच क्रिया तेथे सुरू होते. गंधक आणि विद्राव्य खतेही ओलाव्याच्या साथीने पत्रा खातात. पृष्ठभाग कोरडा असेल तर गंजाची क्रिया जवळजवळ थांबते.

दुसरे कारण पाण्यातच आहे. आपल्या भागात धुण्यासाठी पुष्कळदा विंधन विहिरीचे जड पाणी वापरावे लागते. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची भारतीय मानकाप्रमाणे स्वीकारार्ह मर्यादा दर लिटरला ५०० मि.ग्रॅ. आहे, पाण्याची दुसरी सोय नसेल तेथे ती २००० मि.ग्रॅ. धरली जाते. समजा, आपल्या पाण्यात २००० मि.ग्रॅ. क्षार आहेत आणि धुतल्यावर एक लिटर पाणी ट्रॅक्टरवरच वाळले. पाणी वाफ होऊन गेले, पण २ ग्रॅम क्षार मागे राहिले. हंगामात असे ३० वेळा झाले तर हिशेब ६० ग्रॅमचा होतो. यातील काही भाग पुढच्या धुण्यात निघून जातो, पण सांध्यांत आणि खाचांत बसलेला निघत नाही. काचेवर व बॉनेटवर दिसणारे पांढरे ठिपके म्हणजे हेच क्षार होत. हवेतील ओल शोषून ते त्या जागा पुन्हा दमट करतात. म्हणून पाणी वाळू देण्यापेक्षा ते पुसून काढणे केव्हाही चांगले. पुसलेल्या पाण्याबरोबर क्षारही जातात.

जागा आणि वेळ

बेदाणा उन्हात न टाकता शेडमध्ये, सावलीत व खेळत्या वाऱ्यावर वाळवतात, हे आपणास सांगावयास नको. वाहनालाही तोच नियम लावावा. उन्हाळ्यात भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर पाणी टाकले, तर पुसण्यापूर्वीच ते वाळून डाग पडतात. सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर, सावलीत काम करावे. परतीच्या पावसाच्या दिवसांत हवा दमट असते. तेव्हा डाग कमी पडतात, पण खाचांतील पाणी दोन-दोन दिवस हटत नाही. अशा वेळी केवळ वाऱ्यावर विसंबून राहू नये.

इंजिन थंड झाल्याशिवाय पाणी मारू नये. धुण्यापूर्वी सायलेन्सरचे तोंड, एअर क्लीनरचा वरचा भाग, डायनामो किंवा अल्टरनेटर, सेल्फ व बॅटरीची टोके प्लॅस्टिकच्या कागदाने झाकून बांधावीत. जेथे पाणी शिरलेच नाही, ती जागा कोरडी करण्याचे श्रमही पडत नाहीत. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले. त्यामुळे अशा ट्रॅक्टरमध्ये सेन्सर व वायरिंग वाढले आहे. त्यांच्या जोडांवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नये.

कोरडे करण्याच्या पद्धती

१) पाणी ओघळू देणे : शेवटची धार मारताना नळीच्या तोंडावर अंगठा धरू नये किंवा नोझल लावू नये. मोकळी, मंद धार छतापासून खाली सोडावी. फवाऱ्याचे बारीक थेंब पत्र्याला चिकटून राहतात. मंद धारेचे पाणी मात्र एकसंध पडद्यासारखे खाली सरकते आणि जाताना थेंबांनाही ओढून नेते. त्यानंतर पाच मिनिटे थांबावे. फुकट होणारी ही पद्धत पुढचे बरेच काम कमी करते.

२) कापडाने टिपणे : जुने, मऊ, सुती धोतर किंवा पंचा उत्तम. टॉवेलसारखे लव असलेले कापड अधिक पाणी धरते. मायक्रोफायबरचे कापड मिळाल्यास त्याहून चांगले. कापड आधी ओले करून घट्ट पिळून घ्यावे. किंचित ओलसर कापड पाणी लवकर शोषते. घासू नये. कापड पसरून हलक्या हाताने आपल्याकडे ओढावे आणि पुनःपुन्हा पिळावे. क्रम वरून खाली ठेवावा : प्रथम छत, नंतर काच, बॉनेट, मडगार्ड आणि शेवटी खालचा भाग. चाकांसाठी व ग्रीसच्या भागांसाठी वेगळे कापड ठेवावे. जमिनीवर पडलेले कापड धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नये. त्याला लागलेली मुरमाची कच रंगावर ओरखडे पाडते आणि अशा ओरखड्यातूनच गंजाला वाट मिळते.

३) रबरी वायपर : काच व सपाट पत्र्यासाठी उपयुक्त. रबराची कड हाताने पुसून, तीत खडा नाही याची खात्री करून मगच वापरावा. जीप किंवा मोटारीच्या वळणदार भागावर वायपरपेक्षा कापड बरे.

४) हवेचा झोत : कापड जेथे पोहोचत नाही तेथे हवा पोहोचते. बॉनेटचे सांधे, आरसे, दिव्यांच्या कडा आणि नट-बोल्टच्या खाचा यांसाठी टायरमध्ये हवा भरण्याचा कॉम्प्रेसर चालतो. दाब कमी ठेवावा आणि डोळ्यांवर चष्मा लावावा. झोत अंगावर, विशेषतः लहान मुलांवर, थट्टेनेही धरू नये. दाबाची हवा जखमेतून शरीरात जाऊ शकते. बेअरिंगच्या सीलवर थेट झोत मारू नये. रेडिएटरच्या जाळीत पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हवा मारावी व पाती वाकणार नाहीत इतके अंतर ठेवावे.

५) इंजिनची ऊब : बांधलेले प्लॅस्टिक काढून, विशेषतः सायलेन्सर व एअर क्लीनर मोकळे झाल्याची खात्री करून, इंजिन मोकळ्या जागेत दहा मिनिटे चालवावे. पंख्याची हवा व इंजिनची उष्णता यांमुळे आतील ओल निघून जाते. ही पद्धत शेवटी वापरावी. आधी पुसले नसेल तर क्षार आतल्या भागांवर वाळून बसतात.

ब्रेकची परीक्षा विसरू नये

ओल्या ब्रेकची पकड कमी होते. जीप, टेम्पो, मोटारसायकल आणि कोरड्या ब्रेकचे जुने ट्रॅक्टर यांत हा धोका अधिक असतो. तेलात बुडालेल्या ब्रेकना तो नसतो. वाहन धुऊन लगेच द्राक्षाची ट्रॉली जोडून उताराला लागणे म्हणजे स्वतःचा व मागे बसलेल्या मजुरांचा जीव धोक्यात घालणे होय. सपाट, मोकळ्या जागी सावकाश चालवत ब्रेक पाच-सहा वेळा हलके दाबावा. घर्षणाच्या उष्णतेने ओल जाते. पकड पूर्ववत झाल्याची खात्री झाल्यावरच रस्त्यावर यावे. ट्रॅक्टरचे दोन्ही पेडल समान पकडतात का, हेही पाहावे. ड्रम ओले असताना हँडब्रेक ओढून वाहन रात्रभर उभे करू नये. लायनर गंजून ड्रमला चिकटतात. त्याऐवजी सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत.

नजरेआड राहणाऱ्या जागा

जीप व मोटारीच्या दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती मातीने बुजतात आणि दार आतून सडू लागते. काडीने ती मोकळी करून दारे काही वेळ उघडी ठेवावीत. पायाखालच्या चटया उचलून वेगळ्या वाळवाव्यात. वरून कोरड्या दिसणाऱ्या चटईखालीच पत्रा प्रथम गंजतो. ऑइल-बाथ पद्धतीच्या एअर क्लीनरची वाटी उघडून पाहावी. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजून ते बदलावे.

वाहन कोरडे झाल्यावर प्रत्येक निपलमधून ग्रीस भरावे व जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत गन दाबावी. त्याबरोबर आत शिरलेले पाणीही बाहेर पडते. पीटीओ शाफ्टचे क्रॉस यातून सुटू नयेत. उघड्या बोल्टांवर तेलाचे बोट फिरवावे. मात्र पट्टे, रबरी नळ्या व ब्रेक यांना तेल लागू देऊ नये.

ब्लोअरची विशेष दक्षता

ब्लोअरची टाकी, पंप व नळ्या आतून स्वच्छ पाण्याने तीन वेळा खंगाळाव्यात. हे पाणी नुकत्याच फवारलेल्या बागेतच फवारून संपवावे. ते ओढ्यात, विहिरीजवळ किंवा जनावरांच्या हौदाच्या वाटेवर सोडू नये. अग्रणीच्या काठी असो वा म्हैसाळ योजनेच्या कालव्यालगत, खाली कोणीतरी तेच पाणी पिणार आहे याची जाणीव ठेवावी. टाकीचा तळाचा बूच काढून, झाकण उघडे ठेवून ती निथळू द्यावी. नोझल व गाळण्या सोडवून सावलीत कापडावर वाळत घालाव्यात. ओल्या राहिल्या तर चुन्याची साय आतच घट्ट होते आणि पुढच्या फवारणीत एका ओळीला औषध कमी, दुसऱ्या ओळीला जास्त पडते. डाऊनी नेमकी त्या कमी पडलेल्या ओळीत शिरते. नोझलला तोंडाने फुंकर घालू नये किंवा तार घालू नये. मऊ ब्रश वापरावा. ही सर्व कामे रबरी हातमोजे घालूनच करावीत आणि त्यासाठी वापरलेली फडकी घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत.

थोडक्यात :

* इंजिन थंड झाल्यावर, सावलीत धुवावे.
* शेवटची धार मोकळी व मंद सोडावी.
* पाणी वाळण्यापूर्वी टिपून काढावे. खाचांत हवा मारावी.
* ब्रेक तपासल्याशिवाय रस्त्यावर येऊ नये.
* कोरडे झाल्यावर ग्रीस द्यावे.
* ब्लोअर निथळूनच शेडमध्ये लावावा.

या सर्व कामाला अर्धा-पाऊण तास जादा लागतो. ट्रॅक्टर हा आपल्या बागेतील सर्वांत महागडा गडी आहे. दिवसभर विषारी औषधात राबून आलेल्या गड्याला आपण ओल्या अंगाने झोपू देणार नाही. तीच काळजी या लोखंडी गड्याचीही घ्यावी, म्हणजे ऐन फवारणीच्या दिवशी तो दगा देणार नाही.